घरचंच माणूस लागतं

आमच्या घराचं दार दिवसाढवळ्याही आतून लावलेलं असे. नागपुरातल्या आमच्या कोष्ट्यांच्या गल्लीत हे विचित्रच होतं. बाकी सगळ्यांची दारं सताड उघडी, मागांचा खटखटाट रस्त्यापर्यंत, कोणीही कोणाकडे शिरून माठातलं पाणी प्यावं अशी रीत. आमच्याकडे मात्र कडी वाजली की आतून बाबांचा आवाज यायचा, "कोण?" नाव सांगितलं की, "कोणाचा?" तेही सांगितलं की, "काहून आला?" एवढी उलटतपासणी पार पडली की मग दार उघडायचं. गल्लीतली पोरं मुद्दाम कडी वाजवून पळायची. आई वैतागून मला म्हणायची, "आपल्या घरी चोरानं नेण्यासारखं आहे तरी काय वं?" मला त्या दाराची फार लाज वाटायची.

बाबांच्या संशयाला कारण होतं, आणि ते ऐकत ऐकतच आम्ही मोठे झालो. बाबा लहान असताना त्यांच्या धाकट्या काकाला कोणीतरी आसामच्या चहामळ्यावर पाठवून दिलं. गिरणीच्या कापडानं माग बसले होते, घरात खायची पंचाईत होती. गल्लीतलाच एक ओळखीचा माणूस आला. त्यानं काकाला आपल्या घरी जेवायला बोलावलं, मुंबईच्या गिरणीत चिकटवून देतो म्हणाला आणि स्टेशनवर घेऊन गेला. गाडी मुंबईकडे गेलीच नाही, उलट्या दिशेला गेली. काका परत आला नाही आणि त्याची खुशालीही कधी कळली नाही. आजी विचारायला गेली तेव्हा तो माणूस पान लावत म्हणाला, "आपल्या पायानं गेला तो." तेव्हापासून आमच्या घराला आतून कडी. बाबा कोणाकडे जेवायला जात नसत. लग्नाच्या पंगतीतही हात मागे बांधून उभे राहत आणि घरी येऊन भाकर खात.

माझा मोठा भाऊ, आमचा दादा, घरातला पहिला कॉलेजात गेलेला. त्याला इतिहासाचं वेड होतं. जेवताना तो आम्हाला आफ्रिकेतल्या गुलामांच्या जहाजांबद्दल सांगायचा. विलायतेतल्या सरकारनं गुलाम विकण्या-घेण्यावर बंदी आणली, पण मळ्यांना माणसं लागतच होती, मग करारावर अंगठा घेऊन आपल्याकडची माणसं न्यायला सुरुवात झाली, असं तो सांगे. नाव बदललं, धंदा तोच राहिला, म्हणे. बाबा घास हातात धरून ऐकत. एकदा त्यांनी विचारलं, "जहाजवाल्याले आतल्या गावचा रस्ता कोण दाखवे?"

"तिथलेच लोक, बाबा. शेजारचे. कधी कधी घरचेच."

"मंग जहाजवाल्याले काहून शिव्या देतं?" बाबा म्हणाले आणि पुन्हा जेवायला लागले.

जगात एकाच माणसाला बाबा "कोण?" असं विचारत नसत. दादाची सायकल गल्लीच्या तोंडाशी खडखडली की ते मागावरून उठून कडी काढून ठेवत. मला विचारत, आईला विचारत, दादाला कधीच नाही. मला याचा हेवा वाटे, खोटं कशाला बोलू.

दादा परीक्षा पास होऊन लेबर ऑफिसात इन्स्पेक्टर झाला आणि त्यानंतर थोड्याच महिन्यांत मला स्थळ आलं. माणसं आमच्याच जातीची, पण त्यांनी माग सोडून दोन पिढ्या झालेल्या. कारखान्यांना मजूर पुरवण्याचा ठेका होता. कळमेश्वरला सरकारी औद्योगिक वसाहत उभी राहत होती, तिथं त्यांच्या टोळ्या कामाला. पक्कं घर, दारात जीप. आणि मागणी काय? काही नाही. मुलगी आणि नारळ.

"काहून?" बाबा म्हणाले.

मग त्यांचा शोध सुरू झाला. मुलाला काही आजार असणार, असं त्यांनी ठरवूनच टाकलं. ते त्याच्या डॉक्टरकडे स्वतःचा खोकला दाखवण्याच्या निमित्तानं जाऊन आले. मुलगा घरी आला तेव्हा त्याला उगाच माडीवर नेऊन आणलं, दम लागतो का ते पाहायला. रात्री दिसत नसेल म्हणून दिवेलागणीला त्याच्या वाटेत पाट आडवा ठेवला. तो बिचारा पाट ओलांडून आत गेला. आई तोंडाला पदर लावून हसत होती. धंद्याची आणि घराण्याची चौकशी दादानं केली. मुलाचे आजोबा रेल्वेच्या ठेक्यात होते, सगळं स्वच्छ आहे, असं त्यानं येऊन सांगितलं. तरी बाबांचं मन धजेना. शेवटी दादा म्हणाला, "बाबा, तुमच्या संशयापायी हिले जन्मभर घरात बसवाचं का?" त्यावर बाबांनी हो म्हटलं. दादाच बोलला म्हणून.

सासरी मला कोणी शब्दानं दुखावलं नाही. उलट इतकं जपत की माझ्यातली बाबांची मुलगी जागी झाली. सासूबाई मला जड काम करू देत नसत. सासरे, म्हणजे आमचे मामाजी, येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, "सून नाही गा, लेक आहे आपली." सणाला साडी, सणाशिवायही साडी. फक्त माहेरी जायचं म्हटलं की काहीतरी निघे. कधी जीप बिघडे, कधी पाहुणे येत, कधी सासूबाईंचे गुडघे. नागपुरातल्या नागपुरात माहेर, आणि मी जाते आहे दिवाळीला आणि अखजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला.

दादा मात्र आमच्याकडे येई. मामाजी त्याला आपल्या पाटाशेजारी पाट मांडून जेवू घालत. जेवण झालं की दोघं बैठकीत बसत. दादा जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणे, "सुखात आहेस ना वं?" आणि मी काही म्हणायच्या आत मामाजीच म्हणत, "सुखातच राहीन ते. आम्ही आहो ना."

घरामागे पत्र्याची एक लांबलचक खोली होती. तिला सगळे डेपो म्हणत. लोखंडी कॉट, मोठी भांडी, सतरंज्या असलं सामान तिथं पडलेलं असे. छत्तीसगडकडून नवी टोळी आली की कळमेश्वरला जाण्याआधी तिचं पहिलं जेवण डेपोत व्हायचं. मामाजी स्वतः वाढायला उभे राहत. मी एकदा तिथं वड्या वाळत घालायला गेले आणि वाऱ्यानं दार लोटलं गेलं. उघडायला गेले तर आतून कडी नव्हतीच. कडी बाहेरून, चांगली हातभर लांब. आमच्या माहेरच्या दाराच्या बरोब्बर उलट. मी आत उभी राहून त्या कोऱ्या फळीकडे पाहत राहिले.

आणि स्वयंपाकघरात ती होती. छत्तीसगडची, माझ्याच वयाची, कपाळावर गोंदण, कामाला वाघीण. सासूबाई सगळ्यांवर डाफरत, तिच्यावर नाही. तिलाही सणाला साडी मिळे. मामाजी तिलाही "घरचीच आहे" म्हणत. एक दिवस माझ्या नवऱ्यानं तिच्यासाठी बाजारातून बांगड्या आणल्या आणि माझं डोकं फिरलं. झालं, बाबांनी ज्याचे डोळे आणि छाती तपासली त्याचं हे निघालं, असं मला वाटलं. मी पाळत ठेवली. हे घरात शिरले की मी स्वयंपाकघरात, हे मागच्या अंगणात गेले की माझे कपडे वाळलेच समजा. काहीच सापडलं नाही. हे तिच्याकडे मान वर करून बघतही नसत. शेवटी मी तिलाच गाठलं आणि विचारलं, तू इथं कोणाची?

तिनं मसाला वाटता वाटता सांगितलं, "मोर आदमी उहाँ हे, मैं इहाँ हंव." माझा नवरा तिकडे, मी इकडे. मला कळलं नाही. मग तिनं मोडक्या मराठीत फोड करून सांगितलं. तिचा नवरा टोळीचा पुढारी, कळमेश्वरला कारखान्यात. टोळीतली बाकी माणसं त्याच्या भरवशावर आलेली. ती इथं आहे तोवर तो पळणार नाही, आणि तो पळत नाही तोवर टोळी पळणार नाही. तिच्या आधी दुसरी होती, दुसऱ्या टोळीची. तिच्यानंतर आणखी कोणी येईल. हे सगळं तिनं हवापाण्याबद्दल बोलावं तसं सांगितलं. बांगड्या कशाला, असं तरीही मी विचारलंच. ती म्हणाली, नवऱ्यानं तिकडे चौकशी केली की सांगता येतं, हातात नव्या बांगड्या आहेत, चांगली आहे.

मला स्वतःचीच चीड आली, पण ती पुरती यायच्या आत दसरा आला. दसऱ्याला मामाजी आपल्या वडिलांच्या फोटोला हार घालत. फोटोत फेटा, कोट, हातात काठी. सोनं देऊन झाल्यावर ते खुशीत होते. मी सहज म्हटलं, आजोबा रेल्वेत होते ना?

"रेल्वेत?" मामाजी हसले. "रेल्वेनं माणसं पाठवत होते. चहाच्या मळ्याले. मागच्या डेपोत शंभर माणसं राहत एका वेळी. मोठा माणूस होता वं माझा बाप."

 ते सांगत होते आणि हे, माझा नवरा, खाली बघून आपट्याची पानं जुळवत होते. परक्या माणसानं गावात जाऊन बोलावलं तर कुत्रंही मागे येत नाही, मामाजी म्हणाले. म्हणून त्यांचे वडील स्वतः कधीच गावात गेले नाहीत. ज्या घरचं माणूस पाहिजे त्याच घरचा, नाही तर त्याच गल्लीचा एक जण धरायचा. तो घेऊन येतो. आणि आणलेलं माणूस टिकवायचं तर त्याच्या घरचं एक जण आपल्याजवळ ठेवायचं, चांगलं खाऊपिऊ घालून. मारझोड नाही, शिवीगाळ नाही. "घरचंच माणूस लागतं," ते म्हणाले. "आणाले बी आणि राखाले बी. आता हापिसात बी तसंच आहे, फॅक्टरीत बी तसंच आहे. लोक म्हणते पैसा चालते. पैसा घेऊन माणूस उद्या पलटते. घरचं माणूस असलं की पलटत नाही."

माझ्या अंगावर नवी साडी होती. स्वयंपाकघरात तिच्याही अंगावर होती. मी उठून आत गेले आणि बराच वेळ नळाखाली हात धरून उभी राहिले.

तर मीही तिच्यासारखीच, राखण्यासाठी ठेवलेली. मला नारळावर का नेलं, ते कळलं. बाबांनी मुलाच्या छातीत शोधलं आणि कारण माझ्या भावाच्या नोकरीत होतं. मग मला आठवायला लागलं. दादाच्या ऑफिसची तपासणी कळमेश्वरला निघाली की माझं माहेर हमखास लांबणीवर पडायचं. तपासणी होऊन गेली, सगळं ठीक असल्याचं दादानं लिहून दिलं, की लगेच मामाजी म्हणायचे, जा बाई, चार दिवस राहून ये. वेठबिगारी बंद झाल्याचं रेडिओवर सांगून झालं होतं, दादाचंच काम होतं ते पाहायचं, आणि दादा माझ्यापायी डोळे मिटून घेत होता. मला त्याची दया आली. रात्रंदिवस मला एकच वाटायचं, माझ्या भावाला माझ्यासाठी खोटं लिहावं लागतं आहे.

थंडीच्या दिवसांत कळमेश्वरहून निरोप आला. तिच्या नवऱ्याचा हात आठ दिवसांपूर्वी मशीनमध्ये सापडला होता. दवाखान्यात नेलं तर पोलिसात नोंद होते, म्हणून खोलीतच हळद लावून ठेवलं होतं. ती मामाजींच्या पायाशी बसली, मला एकदा जाऊ द्या म्हणाली. मामाजी अगदी मायेनं म्हणाले, "जाशील, जाशील." हा आवाज माझ्या ओळखीचा होता. माझं माहेर याच आवाजात पुढं ढकललं जाई.

मी ठरवलं. जामीन म्हणून ठेवलेली माणसंच उठून गेली तर काय करतील? मी बाहेर पडले की दादा मोकळा. दादा मोकळा झाला की त्याच्या हातात कायदा, शिक्का, सगळं. टोळीला कोंडतात त्या खोल्यांची कुलपं तो काढायला लावेल, त्या माणसाला दवाखान्यात नेईल. दुसऱ्या दिवशी सकाळी भाजी आणते म्हणून मी निघाले आणि पिशवी धरायला तिला बरोबर घेतलं. सायकलरिक्षा केली आणि सरळ माहेर गाठलं. दाराची कडी वाजवली.

"कोण?"

"मी."

"कोणासंगं आली?"

आयुष्यात पहिल्यांदा मला त्या प्रश्नाची लाज वाटली नाही.

दादा दुपारी जेवायला आला. हल्ली सायकल नव्हती, नवी स्कूटर होती, तिचा आवाज आला तशी बाबांनी उठून कडी काढली. मी त्याच्यासमोर सगळं सांगितलं. डेपो, दसरा, तिचा नवरा, त्याचा हात. आणि म्हटलं, "दादा, आता मी तिथं नाही. आता तुले कोणाची भीती नाही. लिही."

दादानं हात धुतले. मग तो म्हणाला, "तो हात मी पाहिला आहे. भरून येते."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"सगळीकडे असंच चालून राहिलं, बाई. मी लिहिलं तर उद्या मले गडचिरोलीले फेकतीन आणि माझ्या जागेवर येईन तो बी हेच करन. तू परत जा. संध्याकाळच्या आत जा, म्हणजे कोणाले कळणार नाही."

ती भिंतीला टेकून बसली होती. दादाचं मराठी तिला पुरतं कळत नसावं, पण माझं तोंड तिला कळलं.  रात्री ती आईजवळ झोपली. सकाळी तिनं आईला नमस्कार केला, मला बस कुठून मिळते ते विचारलं आणि कळमेश्वरच्या एसटीनं एकटी निघून गेली. मी तिला सोडायला स्टँडपर्यंत गेले. खिडकीतून तिनं बांगड्यांचा हात हलवला.

पुढचं मला माझ्या नवऱ्याकडून कळलं. दोन दिवसांनी ते मला न्यायला आले. बाबांच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं देऊन आत आले आणि पाटावर बसून राहिले. ती कारखान्याच्या फाटकाशी उभी राहिली होती म्हणे. पाळी सुटली, टोळी बाहेर आली, तसल्या हातानंही कामावर लावलेल्या तिच्या नवऱ्यानं तिला पाहिलं. ती बाहेर आहे एवढंच त्यानं पाहिलं. मग तो खोल्यांकडे वळलाच नाही, सरळ स्टँडकडे चालायला लागला, आणि सगळी टोळी त्याच्या मागे. अंथरुणं, भांडी सगळं टाकून. चौकीदार ओरडत राहिला. तिच्या नवऱ्याचा हात तिच्या जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधलेला होता.

हे ऐकून मला इतका आनंद झाला की यांचा रागही आला नाही. मी फक्त विचारलं, "मला तुमच्या घरात कशासाठी आणलं, ते तुम्हाला माहीत होतं?"

ते माझ्याकडे पाहायला लागले. माणूस वाईट नव्हता. खरंच गोंधळले होते.

"म्हणजे तुले माहीत नव्हतं?" ते म्हणाले. "मले वाटलं तुले भावानं सांगतलं असन. तोच तर आला होता आमच्या घरी, नोकरी लागल्याबरोबर. माझी बहीण घेऊन जा म्हणे, मंग मी तुमचाच. स्कूटर, वर्धा रोडकडचा प्लॉट, सगळं तवाच ठरलं होतं. आमचे बाबा तर म्हणत होते, एवढ्याची गरज नाही."

घरात माग चालू होता. तो थांबला.

मी त्यांच्याबरोबर गेले नाही. ते थोडा वेळ थांबले, आईनं दिलेला चहा पिऊन गेले. मी ओट्यापाशी बसून होते. इतके दिवस मी समजत होते की मला धरून माझ्या भावाला अडकवलं. त्यानं जेवताना सांगितलेली जहाजं मला आठवली, आणि घास हातात धरून ऐकणारे बाबा. रडू येत नव्हतं. 

बाबा बाहेर आले. त्यांनी सगळं ऐकलं होतं. मला वाटलं आता ते विचारतील, काहून? नाही विचारलं. खांबाला टेकून बसले आणि बोटांना लागलेली सुताची खळ खरवडत राहिले. आईनं दिवा लावला.

गल्लीच्या तोंडाशी स्कूटरचा आवाज आला. बाबा सवयीनं उठले, दाराशी गेले. कडी आधीच काढलेली होती, दुपारपासून तशीच होती. बाबांनी ती लावली. बाहेर स्कूटर बंद झाली, दार ढकललं गेलं, पुन्हा ढकललं गेलं. मग दादानं कडी वाजवली. लहानपणापासून बहुधा पहिल्यांदाच.

"कोण?" बाबा म्हणाले.

"मी आहो, बाबा."

"कोणाचा?"

 बाबा दाराला हात लावून उभे राहिले, आणि मी पाहत होते, त्यांनी कडी काढली नाही.